दयाळू ज्योतीमागचा मेघस्तंभ

आषाढ लागला, की नीरेच्या काठी वसलेल्या आमच्या अकलूज नगरीचे कान टाळमृदंगाच्या ध्वनीकडे लागतात. इंदापूर तालुक्यातील सराटीचा मुक्काम आटोपून जगद्गुरू तुकोबारायांची पालखी नीरातीरी येते, पादुकांना नदीचे स्नान घडते आणि वैष्णवांचा तो अथांग मेळा सोलापूर जिल्ह्याच्या भूमीवर पाऊल ठेवतो. मग गोल रिंगण होते. पताकाधारी धावतात, तुळशीवृंदावने मस्तकी घेतलेल्या माउली धावतात, विणेकरी धावतात; आणि ज्याच्या पाठीवर स्वार नाही असा तो देवाचा अश्व धावतो. पाहणाऱ्याला पाठ रिकामी दिसते, वारकऱ्याला ती रिकामी वाटत नाही. पालखीचा हा सोहळा तुकोबांचे सुपुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ साली सुरू केला, असे परंपरा सांगते. तेव्हापासून, न दिसणाऱ्याच्या मागे मुक्कामामागून मुक्काम चालत जाण्याची ही रीत महाराष्ट्राच्या अंगवळणी पडली आहे.

आषाढी एकादशीच्या या पर्वकाळी आम्ही वाचकांपुढे निरूपणासाठी जे पद घेत आहोत, ते मात्र या वाटेवरचे नाही. ते एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाचे, इंग्रजी भाषेतील उपासनागीत आहे. जॉन हेन्री न्यूमन यांनी १८३३ साली रचलेले आणि 'लीड, काइंडली लाइट' या नावाने जगभर विख्यात झालेले हे गीत महात्मा गांधींच्या प्रिय भजनांपैकी एक होते. नरसिंहराव दिवेटिया यांनी त्याचा 'प्रेमळ ज्योति' हा गुजराती अवतार सिद्ध केला आणि आश्रम भजनावलीत त्याला स्थान मिळाले. त्या भजनावलीचे संकलन विष्णू दिगंबर पलुस्करांचे शिष्य, आपले महाराष्ट्रीय पंडित नारायण मोरेश्वर खरे यांनी केले होते, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे.

कीर्तनकाराने परधर्मीयाचे पद का घ्यावे, असा प्रश्न एखाद्या सात्त्विक वाचकाच्या मनात उभा राहील. त्यास आमचे उत्तर असे, की महाराष्ट्रात हा व्यवहार नवा नाही. जन्माने इंग्रज असलेल्या फादर स्टीफन्स यांनी गोमंतकात राहून जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण मराठीत रचले आणि ते १६१६ साली छापले गेले. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१ ते १९१९) यांनी अभंगाच्या छंदात ख्रिस्तभक्ती गायिली आणि आपण ख्रिस्ताकडे तुकोबांच्या सेतूवरून गेलो, असे ते सांगत असत. 'गीताई' लिहिणाऱ्या विनोबांनी ख्रिस्तधर्माचे सारही संकलित केले. देवाणघेवाण जुनी आहे. प्रश्न उरतो तो इतकाच, की दुसऱ्याचे पद हाती घेतल्यावर त्याचा अर्थ कोणत्या कोशातून लावावा?

शब्दामागचे आख्यान

आपल्याच घरातले उदाहरण घेऊ. पंढरीचा देव विटेवर उभा आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. एखाद्या परदेशस्थ विद्वानाने केवळ शब्दकोश उघडून 'वीट' शब्दाचा अर्थ पाहिला, तर त्याला भाजलेल्या मातीचा एक ठोकळा मिळेल. पुंडलिक मिळणार नाही. मातापित्यांची सेवा मिळणार नाही. दारी आलेल्या परमेश्वराला क्षणभर थांबण्यासाठी पुढे सरकवलेले ते आसन आणि त्यावर अठ्ठावीस युगे तिष्ठणारी ती करुणा मिळणार नाही. वीट हा शब्द दोन अक्षरांचा. त्याचा अर्थ मात्र एका संपूर्ण आख्यानाएवढा आहे.

तोच न्याय न्यूमन यांच्या गीतातील 'ज्योती' या शब्दास लावला पाहिजे. आपल्याकडील सुशिक्षित मंडळी हे गीत ऐकतात तेव्हा त्यांना तत्काळ बृहदारण्यक उपनिषदातील, अंधारातून प्रकाशाकडे नेण्याची प्रार्थना आठवते. आठवण सुंदर आहे. परंतु तेथेच थांबले, तर गीताचे हृदय हाती येत नाही. उपनिषदातील ऋषी अंधाराचा त्याग करून प्रकाशाप्रत जाऊ इच्छितो. या गीतातील यात्रिक अंधार नाहीसा व्हावा अशी मागणीच करीत नाही. रात्र काळी आहे, घर दूर आहे, दूरचा देखावा पाहण्याची आपल्याला आस नाही. पाऊल पडेल एवढी वाट दिसली तरी पुरे, असा त्याच्या मागण्याचा भाव आहे. ज्ञान होऊन अंधार मावळावा, असे येथे म्हटलेले नाही. अंधारातच कोणी पुढे चालावे, असे म्हटले आहे. असा प्रकाश आला कोठून?

त्याचे उत्तर खुद्द कवीने देऊन ठेवले आहे. आपल्या संग्रहात त्यांनी या कवितेस जे शीर्षक दिले, त्याचा मराठी अर्थ 'मेघस्तंभ' असा होतो. ज्याने बायबल वाचले आहे त्याला हा एक शब्द पुरेसा आहे. ज्याने वाचले नाही, त्याच्यासाठी आख्यान लावावे लागते.

मोशेचे आख्यान

बायबलच्या जुन्या करारात 'निर्गम' नावाचा ग्रंथ आहे. मिसर देशात फारो राजाच्या दास्यात पिचलेल्या इस्राएल लोकांना मोशे बाहेर काढतो, तेथून ही कथा वाटेला लागते. पुढे अफाट रान. वाट ठाऊक नाही, पाणी ठाऊक नाही. तेव्हा परमेश्वर स्वतः त्यांच्यापुढे चालू लागला: दिवसा मेघाच्या स्तंभात आणि रात्री अग्नीच्या स्तंभात. पुढे 'गणना' या ग्रंथाच्या नवव्या अध्यायात त्या वाटचालीची रीत सांगितली आहे. निवासमंडपावरून मेघ उठला, की लोकांनी राहुट्या मोडून निघायचे. मेघ थांबला, की तेथेच तळ द्यायचा. मुक्काम दोन दिवसांचा असो, महिन्याचा असो की त्याहून दीर्घ असो, मेघ हलल्याशिवाय कोणी हलायचे नाही.

मूळ हिब्रू ग्रंथात या नेण्यासाठी जो धातू योजला आहे, तोच तेविसाव्या स्तोत्रातही आला आहे. तेथे मेंढपाळ आपल्या मेंढरास नीट वाटेने नेतो. राजाने सैन्यास हाकावे तसे हे नेणे नव्हे; वाट न समजणाऱ्या जिवाला सांभाळून पुढे घालावे, तसे आहे. आपल्या ईशावास्योपनिषदाच्या अठराव्या मंत्रात ऋषी अग्नीला सुपथाने नेण्याची विनवणी करतात. या गीताला आपल्या वाङ्मयात जवळचे स्थान शोधायचेच झाले, तर आम्ही बृहदारण्यकाऐवजी या मंत्राकडे बोट दाखवू. कारण तेथेही अग्नी आहे, वाट आहे आणि वाटाड्या आहे.

अशा मूळ शब्दांचा ध्यास घेणारी एक विदुषी आपल्याच पुराणिक परंपरेत जन्मली होती. अनंतशास्त्री डोंगरे यांची कन्या पंडिता रमाबाई यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचे अध्ययन करून बायबलचे मराठी भाषांतर केले. त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली ते पूर्ण ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. ज्या केडगावी हे कार्य झाले, ते यवतहून वरवंडला जाणाऱ्या तुकोबांच्या पालखीमार्गावरील चौफुल्यापासून जवळच आहे. धर्म बदलला तरी पदच्छेद आणि अन्वय करण्याची शास्त्र्याची सवय सुटली नाही, असेच म्हणावे लागेल.

एका पावलाचे रहस्य

आता गीतातील शब्दांकडे वळू. यात्रिक एकाच पावलाची मागणी का करतो? हा केवळ विनय आहे काय? निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात त्याचे मूळ सापडते. रानात अन्न संपले तेव्हा पहाटेच्या दवाबरोबर भूमीवर 'मान्ना' नावाचे अन्न पडू लागले. आज्ञा अशी होती, की प्रत्येकाने त्या दिवसापुरतेच वेचावे. ज्यांनी अविश्वासाने उद्यासाठी साठवून ठेवले, त्यांच्या साठ्यात किडे पडले. केवळ विश्रामदिनाच्या आदल्या दिवशी दुप्पट वेचण्याची मुभा होती. आजचे अन्न आज, उद्याचे उद्या. हा धडा ते चाळीस वर्षे गिरवीत होते. न्यूमन यांनी हाच नियम प्रकाशाला लावला. आजच्या पावलापुरता उजेड आज मिळावा. उद्याच्या उजेडाची साठवण करता येत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्याच ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात म्हटले आहे, की पलिष्ट्यांच्या प्रदेशातून जाणारा मार्ग जवळचा असूनही देवाने लोकांना त्या मार्गाने नेले नाही. युद्ध पाहून ते घाबरतील आणि मागे फिरतील, म्हणून रानाचा फेरा घालविला. दूरचा देखावा दिसला असता, तर लोकांनी जवळचीच वाट धरली असती. ज्याला पुढचे दिसत नाही, त्याचे ते न दिसणे हीदेखील कृपा असू शकते, असा या गीताचा गर्भितार्थ आहे.

'दयाळू' हे विशेषण

प्रकाशाला 'दयाळू' का म्हणावे? दिवा तेजस्वी असतो, शीतल असतो, दयाळू कसा? याचे उत्तर बायबलच्या 'नहेम्या' या ग्रंथाच्या नवव्या अध्यायात आहे. तेथे इस्राएल लोक आपल्या पूर्वजांचा इतिहास प्रार्थनारूपाने आठवतात. रानात असतानाच त्या पूर्वजांनी सोन्याचे वासरू ओतून त्याला देव मानले. एवढा अपराध घडूनही, प्रार्थना सांगते, परमेश्वराने आपल्या अपार करुणेमुळे त्यांना रानात टाकले नाही. दिवसा मेघस्तंभ आणि रात्री अग्निस्तंभ त्यांच्यापासून दूर झाला नाही.

येथे विशेषणाचा उलगडा होतो. ज्योती दयाळू आहे, कारण अपराध्याला सोडून ती निघून गेली नाही. आणि हे ध्यानी आले, की गीताचे दुसरे कडवे जागच्या जागी बसते. त्यात यात्रिक कबुली देतो, की पूर्वी आपण असे नव्हतो. वाट आपली आपण निवडावी असे वाटे, झगमगाट आवडे, भय असूनही गर्वच मनावर राज्य करी. ती वर्षे आठवू नकोस, अशी तो विनवणी करतो. तारुण्यातील पातके आठवू नयेत ही पंचविसाव्या स्तोत्रातील प्रार्थना त्यामागे उभी आहे. पहिल्या कडव्यातील दया दुसऱ्या कडव्यातील कबुलीमुळे सिद्ध होते. 'दयाळू' हा शब्द पादपूरणासाठी आलेला नाही. गीताचा भार त्याच्यावरच तोललेला आहे.

कवीची रात्र

हे शब्द न्यूमन यांना सुखासनावर बसून सुचले नाहीत. त्या वेळी ते बत्तीस वर्षांचे, इंग्लंडमधील अँग्लिकन पंथाचे धर्मोपदेशक होते. प्रवासात, सिसिली बेटावर एकटे असताना त्यांना भयंकर ताप आला. सोबतच्या सेवकाला वाटले, आता हे वाचत नाहीत. न्यूमन मात्र त्याला सांगत राहिले, की आपण मरणार नाही, कारण आपण प्रकाशाविरुद्ध पाप केलेले नाही. बरे झाल्यावर मायदेशी जाण्यासाठी पालेर्मो बंदरात त्यांना सुमारे तीन आठवडे तिष्ठावे लागले. अखेर संत्री घेऊन मार्सेलिसला निघालेले गलबत मिळाले, तर कॉर्सिका आणि सार्डिनिया यांच्यामधील बोनिफासिओच्या सामुद्रधुनीत वारा पडला आणि गलबत आठवडाभर जागीच खिळून राहिले. तेथे, १६ जून १८३३ रोजी हे गीत लिहिले गेले. वारा येईल तेव्हाच पुढे जायचे. मेघ उठेल तेव्हाच तळ हलवायचा. कवीला मोशेचे रान समुद्रावर भेटले, एवढाच काय तो फरक.

पुढे न्यूमन १८४५ मध्ये कॅथॉलिक पंथात गेले, १८७९ मध्ये कार्डिनल झाले, १८९० मध्ये निवर्तले आणि १३ ऑक्टोबर २०१९ रोजी त्यांना संतपद घोषित झाले. गीत लिहिताना यातले एकही वळण त्यांना दिसत नव्हते.

गीताच्या शेवटी रात्र सरते, आणि पूर्वी ज्यांच्यावर प्रेम केले पण जे मधल्या काळात अंतरले, ते दिव्य चेहरे पहाटे पुन्हा हसतात. हे चेहरे कोणाचे? दिवंगत आप्तांचे, की देवदूतांचे? १८७९ साली एका गृहस्थांनी कवीलाच हा प्रश्न विचारला. जवळजवळ पन्नास वर्षांनंतर आपलाच अर्थ स्मरणात ठेवण्यास आपण बांधलेले नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी धाडले. आम्हा निरूपणकारांना हे उत्तर फार मोलाचे वाटते. कवी विसरला तरी ज्या ग्रंथाच्या मुशीतून शब्द निघाले तो ग्रंथ विसरत नाही. रानाच्या पलीकडे वचनदत्त कनान देश आहे, तसा रात्रीच्या पलीकडे प्रभातकाळ आहे. मोशेला मात्र तो देश नबो पर्वतावरून केवळ दुरून दिसला. त्यात त्याचे पाऊल पडले नाही. ज्याने लोकांना आयुष्यभर वाट दाखविली, त्याचीही वाट एका पावलाने अपुरी राहिली, हे आठवले म्हणजे त्या पहाटेची ओढ अधिक कळते.

ख्रिस्ती भाविकासाठी या अर्थाला आणखी एक तळ आहे. यहुदी लोक रानातील वास्तव्याच्या स्मरणार्थ सात दिवस मांडवात राहून 'मंडपांचा सण' साजरा करीत. यरुशलेमच्या मंदिराच्या प्रांगणात त्या वेळी उंच सुवर्णदीप पाजळले जात, असे यहुदी परंपरा सांगते. योहानाच्या शुभवर्तमानात त्या सणाच्याच प्रसंगाला जोडून, आठव्या अध्यायात, येशू स्वतःला जगाचा प्रकाश म्हणवितो आणि आपल्या मागे येणारा अंधारात चालणार नाही, असे आश्वासन देतो. येथेही क्रिया 'पाहणे' ही नाही, 'मागे येणे' ही आहे. म्हणून ख्रिस्ती उपासक हे गीत गातो, तेव्हा त्याच्यासाठी ती ज्योती म्हणजे एक व्यक्ती असते.

साम्य आणि भेद

इतके पाहिल्यावर वारकरी वाचकाला या गीतात आपले काही दिसल्यावाचून राहणार नाही. पालखी उठली की दिंड्या उठतात, पालखी विसावली की दिंड्या विसावतात. 'आज पंढरी किती दूर?' असे विचारणाऱ्या थकल्या म्हाताऱ्याला सोबतचा वारकरी पुढच्या विसाव्याचे नाव सांगतो. अकलूजला पोहोचलेल्याने बोरगावचा विचार करावा, बोरगावी पोहोचलेल्याने पिराच्या कुरोलीचा. वाखरी येईल तेव्हा येईल. साधी बाब, पण तिच्यात मान्न्याची सारी शिकवण साठवली आहे.

तरीही सर्व काही एकच आहे असे म्हणून मोकळे होणे आम्हाला मान्य नाही. तसे म्हणणाऱ्याने दोहोंपैकी एकही घर नीट पाहिलेले नसते. मोशेचा देव लोकांच्या पुढे चालतो. त्याचे स्थान वाटेवर आहे आणि जावयाचा देश कोणी पाहिलेला नाही. आपला पांडुरंग कटीवर कर ठेवून विटेवर उभा आहे. जावयाचे स्थान आपल्याला ठाऊक आहे, आणि वाटेवर सोबतीला संतांच्या पादुका आहेत. तेथे देव नेतो. येथे देव वाट पाहतो, आणि नेण्याचे काम तो आपल्या भक्तावर सोपवितो. हा भेद पुसून टाकला तर मेघस्तंभाचे तेज कमी होते आणि विटेचेही. भेद जपूनच दोन्हींना नमस्कार करता येतो, आणि तो नमस्कार अधिक खरा असतो.

जोहान्सबर्गचा दरवाजा

उत्तररंगात एक प्रसंग सांगून निरूपण आवरते घेतो. १० फेब्रुवारी १९०८. दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्ग शहरात, सरकारशी झालेल्या तडजोडीनुसार नोंदणी करण्यासाठी गांधीजी निघाले होते. त्यांनी विश्वासघात केला असे समजून मीर आलम व त्याच्या साथीदारांनी त्यांना वाटेतच मारहाण केली. जोसेफ डोक नावाच्या बॅप्टिस्ट धर्मोपदेशकाने त्या जखमी परधर्मीयाला आपल्या घरी नेले. तोंडाला टाके पडल्यामुळे गांधीजींना बोलता येत नव्हते. मनाची उदासी जावी म्हणून त्यांनी डोक यांच्या लहान मुलीकडून, ऑलिव्हकडून, हेच गीत ऐकण्याची इच्छा खुणेने कळविली. आणि ती बालिका दाराशी उभी राहून हळू आवाजात गायिली. तो मधुर स्वर गांधीजींनी पुढे आपल्या ग्रंथात कृतज्ञतेने स्मरला आहे.

ज्या तडजोडीसाठी मार खाल्ला, ती पुढे काही महिन्यांतच मोडली. त्या दिवशी त्यांना ते दिसत नव्हते. दिसले असते, तर पाऊल उचलले गेले असते की नाही, कोण जाणे. नोंदणी करावयाची, एवढे एक पाऊल दिसत होते. जखमी अवस्थेतही त्यांनी नोंदणीचा आग्रह सोडला नाही. गीताचा अर्थ असा जगून दाखविलेला पाहिला, म्हणजे कोशांची गरज संपते.

सुज्ञ वाचकहो, आज एकादशीच्या सायंकाळी देवघरात समई लावाल, तेव्हा तिचा उजेड कोठवर पोहोचतो ते पाहा. अंगणापलीकडे तो जात नाही. कोणाच्या घरी आजारपण असेल, कोणाचा मुलगा दूरदेशी असेल, कोणाच्या शेतात अजून पाऊस पडावयाचा असेल. त्या सगळ्या काळोखाचा निकाल त्या एका वातीने लागणार नाही. हात जोडून उठताना पुढचे पाऊल कोठे ठेवावे, एवढे तिच्या उजेडात दिसते. न्यूमन यांनी मागितले ते एवढेच होते, आणि पंढरीची वाट चालणारे आपले वाडवडीलही याहून अधिक मागत नव्हते.

॥ रामकृष्णहरि ॥